हेगूडचा अंगठा

सिग्नल हिरवा झालेला लूमिस हेगूडला दिसला होता. दिसल्यावर ब्रेकवरून पाय उचलायचा असतो, तेवढं राहून गेलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, एकदाच आणि हळू, अलाबामातल्या बर्मिंगहॅमची माणसं देतात तसा, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून. आरशात जांभळ्या टोपीतली एक बाई दिसली, बुधवारच्या प्रार्थनेला निघालेली असावी. लूमिसने हात वर करून माफी मागितली आणि गाडी पुढे काढली. एरवी एवढ्यावर हे संपलं असतं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला कुणी हॉर्न दिला म्हणून त्याने मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही. पण पुढच्या चौकात पोचेपर्यंत लूमिसची कॉलर ओली झाली होती, कारण आजच्या दिवसातला हा दुसरा हॉर्न होता. पहिला सकाळी वाजला होता आणि तो त्याच्याखेरीज कुणालाच ऐकू आला नव्हता.

सकाळी तो हार्लन स्टेट कॉलेजच्या मैदानावर होता, इथून दक्षिणेला दोन तासांवर. वसंतात प्रत्येक कॉलेज एक दिवस ठरवतं आणि त्या दिवशी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल क्लबांचे पारखी येऊन, महिन्याभराने फेरीफेरीने होणाऱ्या निवडीसाठी, पोरांना तपासतात. उंची घेतात, वजन करतात, पंजा उघडायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजतात, उड्या मारायला लावतात. दात तेवढे बघत नाहीत. हे शेवटचं वाक्य लूमिसच्या आईचं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने कसली नोकरी धरली आहे हे ऐकून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती आणि म्हणाली होती, 'दात तेवढे बघत नाही म्हणतोस.' ती गुरांच्या बाजाराबद्दल नव्हे, काळ्या माणसांच्या जुन्या लिलावांबद्दल बोलत होती हे दोघांनाही माहीत होतं. लूमिसने त्यावर खूप वर्षांनी स्वतःपुरतं एक उत्तर शोधलं: बघणाऱ्यांत एखादा तरी आपला असावा, आणि त्याने नीट बघावं. नीट बघणं हीच त्याची सारी कमाई होती. टायटसव्हिलमधलं घर, वर्नेलबरोबरची पस्तीस वर्षं, रविवारी चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक आणि नीट बघणं, एवढ्यावर हा माणूस सुखी होता, आणि सुखी असल्याचं त्याला माहीतही होतं, जे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

त्या दिवसातली मुख्य गोष्ट म्हणजे चाळीस यार्डांची धाव. शेवटच्या रेषेवर तीस-पस्तीस पारखी ओळीने बसतात, प्रत्येकाच्या हातात स्वतःचं घड्याळ, दाबायचं, जुन्या पद्धतीचं. यंत्रं आली तरी ही रीत गेली नाही. दुसऱ्याच्या अंगठ्यावर कुणाचा विश्वास नाही. पोरगं हललं की दाबायचं, छाती रेषेवर आली की पुन्हा दाबायचं. मग क्षणभर सगळे चिडीचूप, हातातली पानं झाकावीत तसं घड्याळ तळव्यात धरून. हळूहळू कुणी शेजाऱ्याला दाखवतो, तो मागच्याला, आणि कुरबुरत एक आकडा ठरतो. या कुरबुरीच्या शेवटी वर्षानुवर्षं एकच प्रश्न यायचा, 'हेगूडचं किती?' लूमिसचं घड्याळ कंजूष म्हणून दक्षिणेत प्रसिद्ध होतं. पोरगं खांदा हलवायच्या आधी, नुसतं बोटांवरचं वजन बदलतं तेव्हाच त्याचा अंगठा खाली गेलेला असायचा, त्यामुळे त्याचा आकडा सगळ्यांत मोठा आणि पोरगं सगळ्यांत हळू. मिसिसिपीतला एक प्रशिक्षक चिडून म्हणाला होता की हेगूडच्या घड्याळात देवदूत पळाला तरी पाच सेकंदांच्या आत यायचा नाही. लूमिसने ते वाक्य वर्नेलला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तीच ते पुरं करायची.

आज जेरिक पेटवे पळाला. बचावफळीतला गडी, सहा फूट चार इंच, दोनशे चौऱ्याऐंशी पौंड, विलकॉक्स काउंटीतलं पोरगं. इंडियानातल्या, सगळ्या क्लबांसमोरच्या मोठ्या चाचणीच्या वेळी त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, त्यामुळे जे काय ते आजच. त्याने हात टेकला, कंबर वर घेतली, आणि पळाला. एवढं मोठं अंग आणि पावलांचा आवाज नाही. लूमिसला बरं वाटलं, छाती रेषेवर आली, अंगठा दाबला. डावीकडे डब ट्रॅमेल बसला होता, दुसऱ्या क्लबचा, पण वीस वर्षं दोघं एकाच मोटेलमध्ये उतरून एकाच टेबलावर कॅटफिश खात आलेले. डबने घड्याळ तिरकं केलं. चार पॉइंट एकोणऐंशी सेकंद. मागून कुणीतरी म्हणालं चार ऐंशी, पलीकडून चार अठ्ठ्याहत्तर. लूमिसने मूठ उघडून पाहिलं. चार अडुसष्ट.

'हेगूडचं किती?' मागून आवाज आला.

लूमिसने मूठ मिटली. आयुष्यात पहिल्यांदा मिटली. 'तेवढंच,' तो म्हणाला.

'तेवढंच म्हणजे किती? काय, मोजायचे पैसे घेतोस का आता?' डब म्हणाला.

'तुमच्याएवढंच, डब.'

'बघा रे, म्हातारा दिलदार झाला,' डबने मागे वळून जाहीर केलं, आणि लोक हसले. 'तसंही या पोराला सामन्यात चाळीस यार्ड सरळ पळावं लागलं, तर समजा मागे काहीतरी फार मोठं चुकलंय.'

दुसऱ्या धावेला लूमिस डोळे फाडून बसला. एवढं टक लावून तर त्याने वर्नेललाही लग्नात पाहिलं नव्हतं. बाकीच्यांचं चार एक्याऐंशी आलं. त्याचं चार सत्तर. त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली, जणू ऊन लागतंय. आकाश ढगाळ होतं.

ही गोष्ट कुणालाही समजावी इतकी साधी आहे आणि लूमिसला ती घरी येताना पहिल्या दहा मैलांतच समजली होती. शेवटची रेषा चुकत नाही, कारण पोरगं समोरून येताना दिसत असतं. चुकते ती सुरुवात. डोळा बघतो, अंगठ्याला निरोप जातो, आणि निरोप पोचेपर्यंत पोरगं एक पाऊल पुढे गेलेलं असतं. घड्याळ उशिरा सुरू झालं की वेळ कमी भरतो. म्हणजे पारखी म्हातारा होतो तसतशी पोरं वेगवान होत जातात. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याला पोरं बरी वाटायला लागली होती, हे त्याला आठवलं. जेवताना तो वर्नेलला म्हणालासुद्धा होता की हल्लीची पोरं काय पळतात, खाणंपिणं सुधारलं असावं. वाटेत एका पेट्रोलपंपावर तो उकडलेल्या शेंगा घ्यायला थांबला, तेव्हा फोन वाजला. प्रेंटिस कोल, क्लबचा पारख्यांवरचा साहेब, उत्तरेतून बोलत होता. वयाने लूमिसच्या मुलाएवढा, पण माणूस वाईट नाही, लूमिसला तुम्ही म्हणायचा.

'बाकीचे ऐंशीच्या आसपास म्हणतायत,' प्रेंटिस म्हणाला, 'पण मला तुमचा आकडा पाहिजे. चार पंचाहत्तरच्या आत असेल तर मी वर जाऊन भांडतो, पहिल्या फेरीत घेऊ, कडेचा गडी म्हणून. वर असेल तर सोडून देऊ. मधल्या जागांवर आपल्याकडे आधीच गर्दी आहे.'

'संध्याकाळी रिपोर्ट पाठवतो.'

'नुसता आकडा सांगा ना.'

'वही गाडीत आहे,' लूमिस म्हणाला. वही त्याच्या बगलेत होती.

'बरं. आणि लूमिस, वरचे लोक पुन्हा विचारत होते, यंत्रं असताना एवढी माणसं कशाला म्हणून. मी म्हटलं, यंत्रं आहेत, पण हेगूडचं घड्याळ एकच आहे.' साहेब हे चांगल्या मनाने म्हणाला होता. लूमिस शेंगांची गरम ओली पिशवी हातात घेऊन बराच वेळ पंपाजवळ उभा राहिला, आणि पाइनच्या झाडांवरून उडणारी मार्चमधली पिवळी पूड त्याच्या बुटांवर बसत राहिली.

जेरिक त्याला हवा होता. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पाइन, आणि लूमिसच्या डोळ्यांसमोर ते पोरगंच येत राहिलं. घड्याळाच्या फार आधीपासून त्याने त्याला बघितलं होतं. हिवाळाभर मागच्या खोलीत पडदे ओढून त्याचे सामने पाहिले होते, एकेक चाल पुढेमागे करत, इतक्या वेळा की वर्नेलने दारातून विचारलं, 'हा मुलगा जेवायला थांबणार आहे का?' त्याचे घोटे बारीक होते, घोड्याचे असतात तसे, आणि कंबरेखाली अंग भरलेलं. अशा पोरावर अजून वीस पौंड चढतात आणि ती कुठे चढतील तेही दिसतं. चेंडू हलला की त्याची पहिली तीन पावलं कुणालाही न विचारता पडायची. पुढच्या गड्याच्या छातीवर हात आधी त्याचे पोचायचे, आणि हात आधी पोचलेला माणूस बहुधा जिंकतो. दोष होतेच. दमला की उभा राहायचा, ताठ, आणि ताठ माणसाला कुणीही ढकलतं. दोघे मिळून अंगावर आले की चेंडू कुठे गेला हेच विसरायचा. कडेला, मोकळ्या जागेत, तो काही फार मोठा होईल असं लूमिसला वाटत नव्हतं. पण मध्ये, जिथे जागा नसते, सगळा खेळ पाच यार्डांत होतो आणि प्रत्येक चालीला कुणीतरी तुमच्या बरगड्यांत कोपर खुपसतं, तिथे हे पोरगं दहा वर्षं टिकेल अशी त्याची खात्री होती. त्याने वहीत लिहून ठेवलेली एक चाल होती: नोव्हेंबरातला सामना, हार्लन स्टेट एकतीस गुणांनी मागे, शेवटची सात मिनिटं. विरुद्ध बाजूचा गडी चेंडू घेऊन दूर निसटला. सगळ्यांनी पळणं सोडलं, जेरिक सोडून. तो मागे पळत राहिला, अर्धं मैदान, आणि तो गडी रेषेपार जाऊन सोबत्यांच्या मिठ्या घेत होता तेव्हा कुठे पोचला. पोचून काही केलं नाही. वळला आणि परत आला. लूमिसने ती चाल अकरा वेळा पाहिली होती.

ऑक्टोबरात तो कॉलेजला गेला होता. प्रशिक्षकांना तो शेवटी भेटायचा. प्रशिक्षक आपलं पोरगं सोन्याचंच सांगणार. लूमिस आधी स्वयंपाकघरात जायचा. तिथे मिस यूला होत्या, बत्तीस वर्षं पोरांना वाढणाऱ्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्यापुढे भाजीची एक वाटी घेऊन बसायचं आणि वाट बघायची, एवढीच पद्धत.

'पेटवे ना,' मिस यूला म्हणाल्या होत्या, 'खातो दोन ताटं. ताट परत आणून ठेवतो. ते बरेचजण ठेवतात हो, तुम्ही लोक आलात की. मी तुम्हाला दुसरंच सांगते. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याला म्हटलं, कॉर्नब्रेड आज फक्कड झालाय. तर खाऊन म्हणतो, नाही मिस यूला, आज जरा कोरडा झालाय. माझ्या तोंडावर.'

'मग?'

'मग काय? कोरडाच होता. बत्तीस वर्षांत मला खरं सांगणारा पहिला.' त्या हसल्या. 'घ्या त्याला. नाही घेतलंत तर तुमचं नशीब.'

हे रिपोर्टमध्ये लिहायला रकाना नसतो. लूमिसने ते डोक्यात ठेवलं होतं, आणि आज गाडीत ते नको तेव्हा वर आलं. चार अडुसष्ट लिहिलं की पोरगं पहिल्या फेरीत आपलं. लूमिसची नोकरी शाबूत. आकडा खोटाही नव्हता, घड्याळात तोच दिसत होता, बटण कुणी मुद्दाम उशिरा दाबलं नव्हतं. कोरड्या कॉर्नब्रेडला फक्कड म्हणण्याइतकीच ही गोष्ट होती. मग शहर आलं, सिग्नल आला, आणि जांभळ्या टोपीतल्या बाईने हळूच हॉर्न दिला.

घरी वर्नेल अंगणात पाइप घेऊन स्वतःच्या गाडीवरची पिवळी पूड धूत होती. पाणी पिवळं होऊन गटाराकडे चाललं होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, नळ बंद केला आणि म्हणाली, 'आत चल, बीन्स गॅसवर आहेत.' ती एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली होती, त्यामुळे तिला काहीही सांगायचं म्हणजे पुरावा द्यावा लागायचा. त्याने खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. तिने कपाटातून बारा इंचांची लाकडी पट्टी काढली, सातवीच्या पोरांवर वापरायची तीच, आणि त्याच्या अंगठ्या-बोटांच्या मध्ये टांगती धरली. 'मी सोडते. पकड.' तिने सोडली. पट्टी सरळ फरशीवर. दुसऱ्यांदा अकरा इंचांवर सापडली. तिसऱ्यांदा पुन्हा फरशीवर. मग त्याने धरली आणि तिने पकडली, सात इंचांवर. पुन्हा सात.

'मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे,' वर्नेल म्हणाली.

'माहीत आहे.'

'नाही, नुसतं आपलं म्हटलं.' आणि ती हसायला लागली, मग तोही, कारण फरशीवर पडलेली पट्टी आणि तिच्याकडे बघणारा एवढा मोठा माणूस हे दृश्य हसण्यासारखंच होतं. लूमिसला आश्चर्य वाटलं ते याचं, की त्याला बरं वाटत होतं. म्हातारपण यायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. ते अंगठ्यातून शिरेल असं वाटलं नव्हतं, पण कुठूनतरी शिरणारच. गुडघे गेलेल्या मित्रांच्या मानाने अंगठा फार नाही. तो दोन वाट्या बीन्स जेवला. खिडकीतून पलीकडच्या घरातलं नाशपातीचं झाड पांढरं झालेलं दिसत होतं. आकडा खरा लिहायचा हे तर त्याने पट्टी पहिल्यांदा पडली तेव्हाच ठरवलं होतं, त्यात शूरपणा काही नव्हता. वर्नेलने पुरावा पाहिल्यावर दुसरं काही लिहून या घरात राहणं अवघडच होतं. पण हात धुताना त्याला कॉर्डेल मिम्स आठवला, आणि बरं वाटणं जिथल्या तिथे थांबलं.

मागच्या खोलीत वह्या होत्या, वर्षावार. प्रत्येक पोराच्या नावापुढे तो आपला आकडा लिहायचा आणि खाली बारीक अक्षरात बाकीच्यांचे, केवळ स्वतःचा कंजूषपणा बघून खूश व्हायला. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा आकडा मोठा. मग बरोबरीचा. मग दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात, मिम्स, कॉर्डेल, डोथनचा, कडेचा गडी: हेगूड चार एकसष्ट, बाकीचे चार बहात्तर. हे त्या दिवशी त्याने पाहिलं होतं. पाहून त्याला वाटलं होतं की बाकीचे झोपले. मैदानावर विचारलं तेव्हा मूठ उघडून दाखवली होती, आणि सगळ्यांनी आपापली घड्याळं खिशात घातली होती, हेगूडच म्हणतोय म्हटल्यावर. क्लबने कॉर्डेलला त्या आकड्यावर घेतलं. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला आणि तो वेग कुठे दिसेना. प्रशिक्षक ओरडायचे, कुठे ठेवून आलास तुझे चार एकसष्ट? तीन आठवड्यांनी त्याला घरी पाठवलं. तेव्हा क्लबने लूमिसकडून शेवटचा रिपोर्ट मागवला, आणि त्याने लिहिला. वहीत त्याची नक्कल होती. अक्षर स्वच्छ, हात स्थिर: 'घड्याळात पळतो तेवढा मैदानात पळत नाही. अंगात वेग आहे, मनात नाही.' असे रिपोर्ट एका क्लबात राहत नाहीत, बोलता बोलता सगळीकडे जातात. त्यानंतर कॉर्डेलला कुणी बोलावलं नाही. लूमिस खुर्चीवर बसला. त्याने त्या पोराच्या मनाबद्दल लिहिलं होतं, आणि दोष सगळा त्याच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्यात होता. त्याला लाज वाटली, साधी, शाळेतल्यासारखी, कान गरम होतात ती. आईचं वाक्य आठवलं. दात बघितले असते तर निदान दातांबद्दल तरी खरं लिहिलं असतं.

त्याने प्रेंटिसला फोन लावला.

'चार ऐंशी,' तो म्हणाला. 'माझ्या घड्याळात चार अडुसष्ट आलं. ते धरू नका. माझा अंगठा उशिरा पडतोय, दोन-तीन वर्षं तरी. घरी पट्टी टाकून बघितलं.'

'काय टाकून?'

'पट्टी. बायको विज्ञानाची आहे.'

प्रेंटिस म्हणाला, 'लूमिस, हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.'

'हो. म्हणूनच सांगतोय. आता जेरिकचं ऐका. कडेला घेऊ नका, तिथे तो साधारण. मध्ये ठेवा. आपल्याकडे गर्दी आहे म्हणाल, तर त्या गर्दीत एकतीस गुणांनी मागे असताना पळणारा एक दाखवा. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबलात तर मिळेल, सगळ्यांच्या घड्याळात तो ऐंशीच आहे. आणि हे मी अंगठ्याने सांगत नाही. डोळे शाबूत आहेत अजून, मी दोन्ही वेळा पट्टी पडताना अगदी स्वच्छ बघितली.'

प्रेंटिस हसला, मग थांबला. 'वरच्यांना काय सांगू घड्याळाचं?'

'घड्याळ दुसऱ्या कुणाला द्या. डोळे ठेवायचे असले तर ठेवा.'

'लिहून पाठवा,' प्रेंटिस म्हणाला. 'पोराचं मी बघतो. तुमचं... मला एक-दोन दिवस द्या.' त्याने नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही, आणि लूमिसला ते रास्त वाटलं. त्याने जेरिकचा रिपोर्ट एका बैठकीत लिहिला, दमल्यावर ताठ उभा राहतो हेही लिहिलं, आणि शेवटी, रकाना नसताना, एक ओळ घातली की हा मुलगा तोंडावर खरं बोलतो, स्वयंपाकघरात विचारून खात्री करावी. मग वेगळा कागद घेऊन: कॉर्डेल मिम्सच्या रिपोर्टमधली शेवटची दोन वाक्यं काढून टाकावीत. ती त्याच्याबद्दल नाहीत. सही करताना त्याचं नाव नेहमीपेक्षा लहान आलं.

कॉर्डेलचा फोन नंबर वहीत होता. बाहेर अजून उजेड होता, वर्नेल पुन्हा गाडी धुवायला गेली होती. डोथनला तिकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी भांडी लावत होतं. कॉर्डेलचा आवाज जाडा झाला होता. तो आता लाकडाच्या वखारीवर होता, शनिवारी शाळेच्या पोरांना शिकवायचा, मुलगी झाली होती, हे सगळं त्याने अदबीने सांगितलं, आणि मग वाट बघत थांबला, कारण असे फोन कुणी उगाच करत नाही.

'कॉर्डेल, तुझी ती चाळीस यार्डांची धाव,' लूमिस म्हणाला. 'तू चार एकसष्ट पळाला नव्हतास. चार बहात्तर पळाला होतास. माझं घड्याळ चुकलं. माझ्याकडून उशिरा दाबलं गेलं, आणि नंतर मी लिहिलं की तुझं मन नाही. ते खोटं होतं. क्लबला आज तसं कळवलंय. आता त्याचा तुला काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.'

भांड्यांचा आवाज थांबला. कॉर्डेलने बहुधा कुणाला तरी हाताने गप्प केलं होतं.

'सर,' तो म्हणाला, 'मी अजून पळतो. रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर. दोन वर्षं झाली. माझे चार एकसष्ट कुठे गेले ते बघायला. मला वाटलं कॅम्पमध्ये घाबरलो आणि ते गेलंच अंगातून.'

'किती येतं?'

'एकदाही नाही आलं सर. गेल्या रविवारी चार बहात्तर आलं.'

लूमिसने डोळे मिटले. लाकडं उचलून, लग्न करून, पोरगी सांभाळून दोन वर्षांनी चार बहात्तर. 'घड्याळ कोण धरतं?' त्याने विचारलं.

'बायको. ती म्हणते, त्या दिवशीचं घड्याळच चुकलं असेल.'

'तिचा अंगठा चांगला आहे,' लूमिस म्हणाला. 'तू हळू झालेला नाहीस, कॉर्डेल. होतास तेवढाच आहेस.'

फोन तोंडापासून दूर गेला, आणि त्या दुसऱ्या घरात, लूमिसने कधीच न पाहिलेल्या खोलीत, कॉर्डेल कुणाला तरी सांगताना ऐकू आला, 'अगं, ऐकलंस का? तू बरोबर होतीस.'